पोस्टग्रेस १३ → १७, बुलसाय → बुकवर्म: कंटेनरमधलं अपग्रेड कोणत्या क्रमाने करावं?

गोदाकाठ

एका संस्थेच्या सभासद-नोंदणीचं अ‍ॅप आहे. एकच सर्व्हर, डॉकर कंपोज, पाच कंटेनर: जँगो ३.२ (पायथन ३.९, स्लिम-बुलसाय; बुलसाय, बुकवर्म या डेबियन लिनक्सच्या आवृत्त्या), त्याच इमेजवरचा सेलरी वर्कर (मागे चालणारी कामं करणारा), पोस्टग्रेस (टॅग, म्हणजे इमेजची आवृत्ती सांगणारं नाव, नुसता "१३"), रेडिस ६ आणि पुढे एनजिनएक्स. डेटा साधारण ३० जीबी. नावं-पत्ते देवनागरीत. सभासद क्रमांक मजकूर म्हणून साठवलेला, मध्ये आडवी रेघ असलेला, आणि त्यावर युनिक इंडेक्स आहे. रात्री चार तास अ‍ॅप बंद ठेवायची परवानगी मिळते.

पोस्टग्रेस १३ च्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबल्या, पायथन ३.९ चा आधार त्याआधीच ऑक्टोबरमध्ये संपला आणि बुलसायची दीर्घ मुदत ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे. म्हणजे सगळंच बदलायचं आहे. चाचणी सर्व्हरवर कंपोज फाइलमधला १३ चा १७ केला, तर डेटाबेसचा कंटेनर सारखा पडून उठतोय. लॉगमध्ये "डेटाबेस फाइल्स आर इनकंपॅटिबल विथ सर्व्हर" आणि खाली "इनिशलाइज्ड बाय व्हर्जन १३". आधी काय बदलू, नंतर काय?

बुरुज

तो संदेश आला हे चांगलंच झालं. पोस्टग्रेस डेटा फोल्डरमधली पीजी_व्हर्जन नावाची एका ओळीची फाइल वाचतं, तिथे १३ दिसतं आणि ते काहीही न लिहिता थांबतं. टॅग परत १३ करा, डेटा जसाच्या तसा उघडेल.

मेजर आवृत्ती बदलली की सिस्टिम कॅटलॉगची रचना बदलते, म्हणून नुसता टॅग बदलून पोस्टग्रेसचं अपग्रेड होत नाही. १३.१० वरून १३.२० ला मात्र टॅग बदलून रीस्टार्ट पुरतो. मायएसक्यूएलची सवय असलेल्यांचा इथे घोळ होतो, कारण ते ८.०.१६ पासून सुरू होतानाच स्वतःची डेटा डिक्शनरी बदलून घेतं. तिथे धोका उलटा आहे: चुकून नवा टॅग लावला की परतीची वाट बंद, ८.४ ने उघडलेला डेटा ८.० पुन्हा उघडत नाही. शिवाय ५.७ वरून थेट ८.४ ला जाता येत नाही, मध्ये ८.० वर थांबावंच लागतं.

टर्मिनलवाली

गोदाकाठ, क्रमाचं नंतर बोलू. आधी एक तपासा, कारण तुमचा टॅग नुसता "१३" आहे. चालू डेटाबेस कंटेनरमध्ये शिरून ओएस-रिलीज फाइल पाहा, आणि "एलडीडी" ला आवृत्ती विचारून जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) कोणती आहे तेही पाहा.

"१३" हा टॅग पोस्टग्रेसची आवृत्ती बांधतो, डेबियनची बांधत नाही. अधिकृत इमेजमधला डेबियन बुलसाय होता, २०२३ च्या जूनमध्ये बुकवर्म आल्यावर तो टॅग बुकवर्मवर सरकला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रिक्सी आल्यावर ट्रिक्सीवर. मधे कुणी "पुल" केलं असेल तर तुमच्या डेटाखालची ऑपरेटिंग सिस्टिम कंपोज फाइलचं एक अक्षरही न बदलता बदललेली असेल.

याने बिघडतं काय? मजकुरावरचे बी-ट्री इंडेक्स क्रमाने रचलेले असतात, आणि तो क्रम पोस्टग्रेस जीलिबसीकडून घेतं. जीलिबसीचे क्रमाचे नियम बदलले तर डिस्कवरचा इंडेक्स जुन्या क्रमाचा राहतो आणि शोध नव्या क्रमाने होतो. ओळ टेबलात असते, पण "व्हेअर" लावून विचारली तर सापडत नाही. युनिक इंडेक्सलाही ती दिसत नाही, मग तोच सभासद क्रमांक दुसऱ्यांदा बिनतक्रार आत जातो.

सर्वांत मोठा बदल जीलिबसी २.२८ मध्ये झाला. तो डोळ्यांनी पाहायचा असेल तर "१-१" आणि "११" अशा दोन ओळी इंग्रजी अंकांत लिहा आणि लोकॅल (भाषेनुसार क्रम ठरवणारं सेटिंग) en_US.UTF-8 ठेवून "सॉर्ट"ला द्या. २.२८ च्या आधीच्या मशीनवर "११" वर येतो, नंतरच्या मशीनवर "१-१" वर येतो. तुमचे सभासद क्रमांक नेमके आडव्या रेघेचे आहेत, म्हणून इतक्या आग्रहाने सांगते आहे.

बस्टरमध्ये २.२८ आहे, बुलसायमध्ये २.३१, बुकवर्ममध्ये २.३६, ट्रिक्सीमध्ये २.४१. यांच्यातले फरक त्या मानाने लहान, पण "लहान" म्हणजे "नाही" नव्हे. आणि डेटाबेसच्या मूळ कोलेशनची (मजकुराच्या क्रमाच्या नियमांची) आवृत्ती जुळत नसल्याची सूचना पोस्टग्रेस १५ पासून आली. १३ वर लॉग कोरा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका.

गोदाकाठ

पाहिलं. कंटेनरमध्ये बुकवर्म आहे, जीलिबसी २.३६. डेटा फोल्डर २०२२ मध्ये तयार झालेला, म्हणजे तेव्हा बुलसाय असणार. आता इंडेक्स खराब आहेत का हे कसं कळेल?

टर्मिनलवाली

"एमचेक" एक्स्टेंशन अधिकृत इमेजमध्येच आहे. "क्रिएट एक्स्टेंशन" करा आणि मजकुरावरच्या प्रत्येक बी-ट्री इंडेक्सवर "बीटी_इंडेक्स_चेक" चालवा, दुसरा पॅरामीटर "ट्रू" देऊन. तो दिला की टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का हेही बघितलं जातं. वेळ लागतो, पण वाचन-लेखन चालू ठेवून करता येतं. क्रम बिघडला असेल तर "आयटम ऑर्डर इन्व्हेरियंट व्हायोलेटेड" अशी एरर येते.

दुहेरी नोंदी वेगळ्या शोधा. त्या सेशनमध्ये "एनेबल_इंडेक्सस्कॅन", "एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन" आणि "एनेबल_बिटमॅपस्कॅन" तिन्ही बंद करा आणि मग सभासद क्रमांकावर "ग्रुप बाय … हॅविंग काउंट १ पेक्षा जास्त" चालवा. हे बंद केलं नाही तर प्लॅनर (क्वेरीची वाट ठरवणारा भाग) त्याच संशयित इंडेक्समधून उत्तर काढू शकतो.

पाणवठा

दुहेरी नोंदी आत्ताच निस्तरा. डंप (डेटाची बाहेर काढलेली प्रत) घेताना त्या निमूट बाहेर येतात. रिस्टोअरच्या शेवटी, सगळा डेटा भरून झाल्यावर, "कुड नॉट क्रिएट युनिक इंडेक्स" म्हणून थांबतं. तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले असतात आणि कोणता सभासद खरा हे सांगायला संस्थेतलं कुणी जागं नसतं.

बुरुज

आता क्रम. माझं ठाम मत: अ‍ॅपची बेस इमेज, फ्रेमवर्क आणि डेटाबेस या तीन वेगळ्या फेऱ्या करा, दोन फेऱ्यांमध्ये निदान एक पूर्ण आठवडा जाऊ द्या. सगळं एका रात्री बदललं आणि सकाळी लॉगिन चालेना, तर दोष ओपनएसएसएलचा (एन्क्रिप्शनची लायब्ररी), सायकोपीजीचा (पायथन आणि पोस्टग्रेस जोडणारी लायब्ररी) की पासवर्ड हॅशचा हे शोधण्यातच दिवस जातो.

आजच्या आज: सगळे टॅग बांधा. "१३" ऐवजी "१३-बुकवर्म", शक्य तर शेवटी शा-२५६ डायजेस्टही. पायथनलाही हेच लागू, "३.१२-स्लिम" न लिहिता "३.१२-स्लिम-बुकवर्म" लिहा.

पहिली फेरी जँगो ३.२ → ४.२, पायथन ३.९ वरच. ४.२ हा इथे पूल आहे: तो पायथन ३.८ ते ३.१२ वर चालतो आणि पोस्टग्रेस १२ पासून पुढचं सगळं घेतो. ३.२ मात्र पायथन ३.१० च्या पुढे अधिकृतपणे जात नाही, म्हणून आधी पायथन वाढवला तर अडकाल. या फेरीत हमखास लागणारी ठेच म्हणजे "सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स" ही विश्वासू पत्त्यांची सेटिंग. ४.० पासून त्यात "एचटीटीपीएस://" सकट पत्ता लागतो, नाहीतर एनजिनएक्सच्या मागे प्रत्येक फॉर्म ४०३ देतो. ४.२ वर मुक्काम करू नका, त्याचा आधार एप्रिल २०२६ पर्यंतचाच.

दुसरी फेरी पायथन ३.१२ आणि बुकवर्म. तिसरी पोस्टग्रेस. ती झाली की जँगो ५.२, कारण त्याला पोस्टग्रेस निदान १४ लागतं.

मध्यरात्र

दुसऱ्या फेरीत बिल्ड कुठे मोडतं ते सांगतो.

"नेटकॅट" नावाचं पॅकेज बुकवर्ममध्ये नुसत्या नावाने बसत नाही, "नेटकॅट-ओपनबीएसडी" लिहा. डेटाबेस जागा होईपर्यंत थांबणाऱ्या एंट्रीपॉइंट स्क्रिप्टमध्ये हे हटकून असतं.

पॅकेजेसच्या आरशाचा (मिरर सर्व्हरचा) पत्ता बदलायला "सेड" ने एपीटीची सोर्सेस-लिस्ट फाइल बदलत असाल, तर बुकवर्मच्या इमेजमध्ये ती फाइलच नाही. तिची जागा सोर्सेस-लिस्ट-डी फोल्डरातल्या "डेबियन.सोर्सेस" ने घेतली आहे आणि तिची मांडणीही वेगळी आहे.

"लिबएसएसएल१.१" गेलं, ओपनएसएसएल ३ आलं. जुन्या एसएमएस गेटवेशी किंवा जुन्या मेल सर्व्हरशी बोलताना "अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड" दिसलं तर कारण हे. टीएलएस १.० आणि १.१ सुद्धा मूळ सेटिंगवर चालत नाहीत. समोरच्याला सर्व्हर सुधारायला सांगणं हा खरा उपाय.

पायथन ३.१२ मध्ये "डिस्टयूटिल्स" नाही, म्हणून जुनी पॅकेजेस बसतानाच पडतात. सायकोपीजी२-बायनरी २.९.९ किंवा वरचं घ्या, ३.१२ साठी तयार व्हील तिथपासून आहेत.

आणि मल्टिस्टेज बिल्ड. वरचा टप्पा "पायथन:३.१२" आणि खालचा "पायथन:३.१२-स्लिम-बुकवर्म" असेल तर वरचा आज ट्रिक्सी आहे. तिथे कंपाइल झालेली लायब्ररी खाली "जीएलआयबीसी_२.३८ नॉट फाउंड" म्हणून पडते. दोन्ही टप्पे एकाच डेबियनवर ठेवा.

होस्टवरचं डॉकर इंजिनही पाहा. ते २०.१०.१० च्या आधीचं असेल तर बुकवर्मची इमेज त्यावर विचित्र वागते. नवी जीलिबसी "क्लोन३" सिस्टिम कॉल वापरते, जुनं सेककॉम्प प्रोफाइल (सिस्टिम कॉलची चाळणी) तो अडवतं, आणि थ्रेड सुरू करता येत नाही अशी एरर येते. दोष इमेजमध्ये शोधत बसाल, असतो होस्टवर.

पाणवठा

याला एक जोड. बॅकअप अ‍ॅपच्या इमेजमधल्या "पीजी_डंप" ने घेत असाल तर थांबा. बुकवर्मचं स्वतःचं पोस्टग्रेस क्लायंट १५ आहे, आणि पीजी_डंप आपल्याहून नव्या सर्व्हरचा डंप घेत नाही: "अबॉर्टिंग बिकॉज ऑफ सर्व्हर व्हर्जन मिसमॅच". डेटाबेस १७ वर गेला की त्या रात्रीपासून बॅकअप बंद, आणि स्क्रिप्ट एरर गिळत असेल तर शून्य बाइटच्या फाइल साठत राहतात. बॅकअपचं काम डेटाबेसच्याच इमेजच्या वेगळ्या कंटेनरकडे द्या, आवृत्ती आपोआप जुळलेली राहते.

गोदाकाठ

हो, आमचा बॅकअप अ‍ॅपच्याच कंटेनरमधून जातो. बदलतो. एमचेक पूर्ण झालं, एकही तक्रार नाही, दुहेरी नोंदीही नाहीत. आता तिसरी फेरी: डंप-रिस्टोअर की पीजी_अपग्रेड?

बुरुज

३० जीबी आणि चार तास, डंप-रिस्टोअरच. इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्यामुळे कोलेशनचा प्रश्न मुळातच मिटतो. पीजी_अपग्रेड इंडेक्सच्या फाइल आहेत तशा उचलतं, म्हणजे जीलिबसी बदललेली असेल तर दोषही बरोबर येतो. शिवाय त्याला जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांचे बायनरी एकाच कंटेनरमध्ये लागतात, अधिकृत इमेजमध्ये एकच असते. "लिंक" पद्धतीने केलं तर नवा सर्व्हर एकदा सुरू झाल्यावर जुना डेटा वापरता येत नाही. ते काही टेराबाइटवाल्यांसाठी ठेवा.

जुन्या व्हॉल्यूमला (डॉकरमधल्या डेटाच्या साठ्याला) हातही न लावता नवा कंटेनर नव्या नावाच्या व्हॉल्यूमवर उभा करायचा:

१. "डीएफ" ने होस्टवरची जागा बघा. जुना डेटा, डंप आणि नवा डेटा काही काळ एकत्र नांदतात. ३० जीबीला ७०-८० जीबी मोकळी असावी, रिस्टोअरच्या वेळी डब्ल्यूएएलही (बदलांची आधी लिहिली जाणारी नोंद) फुगतो.

२. कंपोजमध्ये "डीबी१७" नावाची सर्व्हिस जोडा, तेच नेटवर्क. "शेअर्ड मेमरी" एक जीबी द्या. डॉकरची मूळ मर्यादा ६४ एमबी आहे आणि समांतर क्वेऱ्या तिला आदळून "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" म्हणतात, डिस्क रिकामी असतानाही. थांबण्याची मुदत २ मिनिटं ठेवा, नाहीतर डॉकर १० सेकंदांत प्रोसेस मारतं.

३. अ‍ॅप, वर्कर, क्रॉन बंद. सेलरीची रांग आधी रिकामी होऊ द्या. मग "पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी" मध्ये आपल्याशिवाय कुणी जोडलेलं नाही हे बघा.

४. पुढचं सगळं नव्या कंटेनरमधून. १७ चा "पीजी_डंपऑल", "ग्लोबल्स-ओन्ली" लावून, जुन्या सर्व्हरकडून रोल आणायला. "रोल पोस्टग्रेस ऑलरेडी एक्झिस्ट्स" ही एकच एरर येईल, ती निरुपद्रवी.

५. १७ चा "पीजी_डंप", डिरेक्टरी फॉरमॅट, चार जॉब. समांतर डंप फक्त डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये होतो. मग रिकामा डेटाबेस बनवून "पीजी_रिस्टोअर", चार जॉब, "एक्झिट-ऑन-एरर" सकट.

६. "व्हॅक्यूमडीबी", "ऑल" आणि "अ‍ॅनलाइज-इन-स्टेजेस" लावून. हे विसरलात तर प्लॅनरकडे आकडेवारीच नसते, एरवी पटकन येणारी यादी मिनिटभर फिरत राहते, आणि सगळे म्हणतात की १७ संथ आहे.

७. प्रत्येक टेबलाच्या ओळी दोन्हीकडे मोजा. सीक्वेन्सचे आकडे ताडा. मगच अ‍ॅपचा होस्ट बदला.

मध्यरात्र

रिस्टोअरपुरतं "एफसिंक" (लिहिलेलं लगेच डिस्कवर पक्कं करणं) बंद केलं तर वेळ बराच वाचतो.

बुरुज

वाचतो, पण मधे वीज गेली किंवा कंटेनर मारला गेला तर तो व्हॉल्यूम टाकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि नंतर चालू करायचं राहून गेलं तर पुढचा धक्का उत्पादन डेटावर बसतो. चार तास हातात असताना गरज नाही. "मेंटेनन्स_वर्क_मेम" एक जीबी आणि "मॅक्स_वॉल_साइज" दहा जीबी करा, बहुतेक फायदा तिथेच मिळतो.

टर्मिनलवाली

चौथ्या पायरीत एक मोठा खड्डा आहे, तो दाखवते. १३ मध्ये पासवर्ड मूळ सेटिंगने एमडी५ हॅशने साठतो. पीजी_डंपऑल तो हॅश जसाच्या तसा १७ मध्ये नेतो. पण १७ ची इमेज नवा व्हॉल्यूम तयार करताना "पीजी_एचबीए" या लॉगिनचे नियम असलेल्या फाइलच्या शेवटच्या ओळीत "स्क्रॅम-शा-२५६" ही नवी पासवर्ड पद्धत लिहिते. स्क्रॅमला एमडी५ हॅश चालत नाही. परिणाम: अ‍ॅपचा पासवर्ड बरोबर असूनही "पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड". सर्व्हरच्या लॉगमध्ये खरं कारण दिसतं, "डज नॉट हॅव अ व्हॅलिड स्क्रॅम सीक्रेट".

"पोस्टग्रेस" या सुपरयूजरचंही तेच होतं, कारण ग्लोबल्समधली "ऑल्टर रोल" ओळ नव्या पासवर्डवर जुना हॅश लिहिते. कंपोजमधलं "पोस्टग्रेस_पासवर्ड" बदलून काही होणार नाही, ते फक्त रिकाम्या डेटा फोल्डरवर पहिल्यांदा वाचलं जातं.

उपाय सोपा. कंटेनरमध्ये शिरून "पीएसक्यूएल" लोकल सॉकेटवर उघडा, तिथे पासवर्ड विचारत नाही. प्रत्येक रोलवर बॅकस्लॅश-पासवर्ड चालवून तोच जुना पासवर्ड पुन्हा द्या, तो आता स्क्रॅममध्ये साठेल. पीजी_एचबीए परत एमडी५ वर नेऊ नका, १८ मध्ये एमडी५ पासवर्ड कालबाह्य ठरवले आहेत.

हेल्थचेकही सुधारा. पहिल्या सुरुवातीला एंट्रीपॉइंट एक तात्पुरता सर्व्हर फक्त सॉकेटवर चालवतो, "पीजी_इजरेडी" त्यालाच तयार समजतं आणि रिस्टोअर मधेच तुटतो. होस्ट म्हणून १२७.०.०.१ दिलात की खरा सर्व्हर उठेपर्यंत ते थांबतं.

गोदाकाठ

चाचणीवर नेमकं हेच, पासवर्ड फेल्ड. तुमच्या पद्धतीने सुटलं. मनापासून आभार, टर्मिनलवालीताई. अजून दोन प्रश्न. एवढं करतोच आहे तर थेट १८ घ्यावं का? आणि ही कोलेशनची टांगती तलवार कायमची उतरवता येईल का?

पाणवठा

१८ घेतलंत तरी पायऱ्या त्याच. १७ चा आधार २०२९ च्या नोव्हेंबरपर्यंत, १८ चा २०३० च्या. एकच बदल नीट लक्षात ठेवा, तो व्हॉल्यूमच्या वाटेचा. १७ पर्यंत व्हॉल्यूम "/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/डेटा" वर जोडायचा. १८ पासून एक पायरी वर, "/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल" वर, आणि आत आवृत्तीच्या नावाचं फोल्डर तयार होतं. एकाच माउंटखाली दोन्ही आवृत्त्या राहाव्यात आणि पुढचं पीजी_अपग्रेड लिंक पद्धतीने करता यावं यासाठी हे केलं आहे.

१८ ला जुनी वाट दिलीत तर तो थांबून सांगतो. घातक चूक उलटी आहे: १७ ला नवी, वरची वाट देणं. मग खरा डेटा इमेजने घोषित केलेल्या निनावी व्हॉल्यूममध्ये जातो, सगळं उत्तम चालतं, आणि कंपोज "डाउन" करून "अप" केलं की डेटाबेस कोरा. आठवडाभराने कळतं. पहिल्याच दिवशी "डॉकर इन्स्पेक्ट" करून माउंटची यादी वाचा, डेटा तुमच्या नावाच्या व्हॉल्यूमवर आहे का बघा.

अल्पाइनकडे (छोट्या आकाराचं वेगळं लिनक्स) या निमित्ताने वळू नका. तिथे जीलिबसी नाही, मसल ही वेगळी सी लायब्ररी आहे, क्रम पूर्ण वेगळा. पोस्टग्रेस यूजरचा क्रमांकही डेबियनमध्ये ९९९ आणि अल्पाइनमध्ये ७०, म्हणजे जुना व्हॉल्यूम लावला की आधी परवानगीची एरर, आणि "सीएचओन" करून ती मिटवली की खाली इंडेक्स बिघडलेले.

टर्मिनलवाली

दुसऱ्या प्रश्नाला १७ पासून चांगलं उत्तर आहे. क्लस्टर (पोस्टग्रेसचं नवं डेटा फोल्डर) बनवताना "पोस्टग्रेस_इनिटडीबी_आर्ग्ज" मध्ये लोकॅल-प्रोव्हायडर "बिल्टिन" आणि बिल्टिन-लोकॅल "सी.यूटीएफ-८" द्या. मग मजकुराचा क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवतं, खालचा डेबियन बदलला तरी इंडेक्सला धक्का लागत नाही. रिस्टोअर करताना मात्र "क्रिएट" पर्याय लावू नका, तो डेटाबेस जुन्याच लोकॅलने बनवतो. डेटाबेस स्वतः बनवा आणि त्यात भरा.

याची किंमत मराठी यादीत मोजावी लागते. सी.यूटीएफ-८ युनिकोडच्या क्रमांकाने लावतं, आणि तिथे ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो. म्हणून छापायच्या यादीसाठी "ऑर्डर बाय" मध्ये तेवढ्यापुरतं आयसीयूचं (युनिकोडच्या लायब्ररीचं) मराठी कोलेशन, "एमआर-एक्स-आयसीयू", द्या आणि तुमच्या खऱ्या आडनावांवर चालवून ळ, क्ष, ज्ञ कुठे पडतात ते नजरेखालून घाला. त्या कोलेशनवर इंडेक्स शक्यतो बांधू नका. आयसीयूची आवृत्तीही बेस इमेजबरोबर बदलते आणि मग रीइंडेक्सचं तेच काम पुन्हा मागे लागतं.

बिल्टिन नको असेल तर दर डेबियन बदलाला दोन आज्ञा, याच क्रमाने: आधी "रीइंडेक्स डेटाबेस", नंतर "ऑल्टर डेटाबेस … रिफ्रेश कोलेशन व्हर्जन". दुसरी एकटीच चालवली तर सूचना गप्प होते आणि खराब इंडेक्स तसाच राहतो. "टेम्प्लेट१" वरही चालवा, नाहीतर नवा डेटाबेस बनवताना अडतं.

गोदाकाठ

१७-बुकवर्म, बिल्टिन सी.यूटीएफ-८, डंप-रिस्टोअर असं ठरवतो. परतीची वाट म्हणून जुना व्हॉल्यूम किती दिवस ठेवू?

बुरुज

परतीची वाट अ‍ॅप लोकांसाठी उघडेपर्यंतच खरी असते. नव्यावर पहिली नोंद पडली की जुन्यावर जाणं म्हणजे ती नोंद गमावणं. म्हणून रात्रीच्या वेळापत्रकात एक वेळ लिहून ठेवा, समजा पहाटे तीन. ओळी जुळल्या नाहीत तर त्या वेळी कुणाला न विचारता मागे फिरायचं. आणि त्याआधी खऱ्या डेटाच्या प्रतीवर एक पूर्ण रंगीत तालीम, घड्याळ लावून.

जुना व्हॉल्यूम तपासणीसाठी महिनाभर ठेवा. कंपोजमध्ये त्याला "एक्स्टर्नल" करा, म्हणजे कुणी "डाउन" ला "व्ही" लावलं तरी तो पुसला जाणार नाही. महिन्यानंतर जुना कंटेनर बंद असतानाच त्या फोल्डरचा टार करा, आणि त्याच्या शेजारी १३ ची इमेजही "डॉकर सेव्ह" ने फाइलमध्ये ठेवा. ते फोल्डर १३ शिवाय दुसरं काहीच उघडू शकत नाही.